घरातली सायकल नक्की कोणासाठी?

बेळगावात मृगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या घरात दोघांची पंचाईत होते. एक मी आणि दुसरे बाबा. मी रविवारी पहाटे सायकल घेऊन जांबोटी रस्त्याला जाते, ते बंद होतं. बाबा रोज सकाळी पाऊण तास चालतात, तेही बंद होतं. माझं फार काही बिघडत नाही, थोडा दम कमी होतो. बाबांचं मात्र बिघडतं. त्यांना मधुमेह आहे. गणपतीनंतर रक्त तपासलं की तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा दरवर्षी वर गेलेला असायचा. डॉक्टरांचा प्रश्न ठरलेला, "चालणं बंद होतं का?" आणि बाबांचं उत्तरही ठरलेलं, "पाऊस होता की हो!" त्यात पावसाचा वाटा किती आणि मोदकांचा किती, यावर आई आणि बाबांचं अजून एकमत झालेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की घरातच सायकल चालवायची सोय करायची. पैसे 'बाबांसाठी' म्हणून बाजूला काढले, पण निवड केली माझ्या मनासारखी. आपलीच सायकल मागच्या चाकासकट अडकवायचा एक लोखंडी स्टँड मागवला. चाक एका छोट्या रुळावर टेकतं आणि आपण जागच्या जागी पेडल मारत बसतो. यालाच इनडोअर ट्रेनर म्हणतात.

पहिल्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "काय गं, वर गिरणी घातलीस की काय? भांडी हलायलीत आमची!" माझ्या सायकलचं टायर जाड खाचांचं होतं. ते रुळावर फिरताना खरोखरच दळण चालू असल्यासारखा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी बाबा बसायला गेले. स्टँडवर चढवलेली सायकल नेहमीपेक्षा उंच होते. मधल्या दांड्यावरून पाय टाकताना त्यांचा तोल गेला आणि दाराची चौकट हाताशी होती म्हणून ते वाचले. त्यानंतर ते त्या सायकलजवळ फिरकले नाहीत. गणपती यायच्या आत स्टँड पलंगाखाली गेला. त्या वर्षीही आकडा वरच गेला.

चूक स्टँडची नव्हती. यंत्र कोणासाठी घ्यायचं हे मी स्वतःलाच खरं सांगितलं नव्हतं. गेल्या मे महिन्यात दुसऱ्यांदा खरेदी केली तेव्हा आधी दहा ठिकाणी जाऊन बसून बघितलं, सायकल दुरुस्त करणाऱ्यांना विचारलं, टेप घेऊन घर मोजलं. आपल्यातल्या अनेक घरांत हाच प्रश्न आहे. इंदूर-बडोद्याकडे पावसाऐवजी मे महिन्याचं ऊन आडवं येतं, हैदराबादेत रहदारी आडवी येते, एवढाच फरक. म्हणून जे कळलं ते सगळं इथे मांडते आहे.

आधी माणूस, मग यंत्र

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे रोजची अर्धा तास हालचाल, आठवड्यातून पाच दिवस. हे काही ऑलिम्पिकचं काम नाही, पण ते बाराही महिने व्हायला हवं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला, आणि सगळ्या राज्यांत गोव्याचं प्रमाण सर्वांत जास्त, २६.४ टक्के, आढळलं. तेव्हा चार महिने पाऊस आणि चार महिने बसून राहणं हा हिशेब आपल्याला परवडणारा नाही.

यंत्र बघायला जाण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा. त्यावर रोज कोण बसणार? त्या माणसाची उंची, वजन आणि गुडघे-कंबर कशी आहे? घरात गिअरची चांगली सायकल आधीच आहे का? आणि ते नेमकं कुठे उभं राहणार? 'सगळ्यांसाठी' असं उत्तर आलं तर पुन्हा विचार करा. सगळ्यांसाठी घेतलेल्या यंत्रावर बहुधा कोणीच बसत नाही आणि पावसाळ्यात त्यावर ओले टॉवेल वाळतात.

या उत्तरांवरून दोन वाटा निघतात. घरात सायकल आहे आणि चालवणाराही सायकलवालाच आहे, तर ट्रेनर घ्यावा. सायकल नाही, किंवा बसणारं माणूस वयस्कर आहे, तर आख्खी व्यायामाची सायकल घ्यावी.

स्वतःची सायकल असेल तर

ट्रेनरमध्ये सर्वांत साधा आणि स्वस्त प्रकार म्हणजे मागचं चाक टेकवायचा स्टँड. यात जोर कमी-जास्त करायच्या तीन पद्धती आहेत. पंख्याच्या ट्रेनरमध्ये चाकाबरोबर पंखा फिरतो आणि हवा अडवते. यात वेग दुप्पट करायचा तर ताकद जवळजवळ आठपट लागते, आणि आवाजही तसाच वाढतो. फ्लॅटमध्ये याचा विचारच करू नका. चुंबकाच्या ट्रेनरमध्ये हँडलला एक खटका लावलेला असतो, त्यानं जोर पायरी-पायरीनं वाढवता येतो. द्रवाच्या ट्रेनरमध्ये बंद डबीत दाट तेल असतं. खटका नसतो, जितक्या जोरात पेडल माराल तितका अडथळा आपोआप वाढतो. रस्त्यावरच्या सायकलच्या सगळ्यात जवळची भावना या तिघांत द्रवाच्या ट्रेनरवर येते आणि तो पंख्यापेक्षा बराच शांतही असतो.

दुसरा प्रकार डायरेक्ट ड्राइव्हचा. यात मागचं चाक काढून ठेवायचं आणि सायकलची चेन थेट ट्रेनरवरच्या गिअरच्या चक्रांवर बसवायची. टायर रुळावर घासत नाही, त्यामुळे टायर झिजत नाही आणि आवाज खूपच कमी. यातले बहुतेक ट्रेनर 'स्मार्ट' असतात. मोबाइल किंवा टीव्हीवरच्या अ‍ॅपमध्ये चढ आला की ट्रेनर स्वतःच जोर वाढवतो, उतार आला की कमी करतो. किती वॅट ताकद लावताय तेही दिसतं. २०१४ मध्ये आलेल्या झ्विफ्टनं हा प्रकार जगभर पोचवला. डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं अशा घरबसल्या शर्यतीची पहिली जागतिक स्पर्धाच घेतली. म्हणजे हे आता खेळणं राहिलेलं नाही. मात्र झ्विफ्टसारख्या अ‍ॅपची दरमहा वर्गणी असते, ती हिशेबात धरा. मायव्हूशसारखं फुकट अ‍ॅपही आहे. स्मार्ट ट्रेनर घेताना खोक्यावर ब्लूटूथबरोबर 'एफटीएमएस' ही अक्षरं आहेत का ते बघा. ती असली की ट्रेनर एकाच कंपनीच्या अ‍ॅपला बांधलेला राहत नाही.

तिसरा प्रकार रोलर. तीन रूळ असलेली चौकट, त्यावर सायकल नुसती ठेवायची, कुठेच अडकवायची नाही. तोल आपला आपणच सांभाळायचा. सवय असलेल्याला यासारखी मजा नाही, पण नवख्यानं घरात याच्या वाटेला जाऊ नये.

पैसे देण्याआधी आपली सायकल त्या ट्रेनरवर बसते का, हे तपासणं सर्वांत महत्त्वाचं. बहुतेक स्टँड २६ इंचापासून ७०० सी किंवा २९ इंचापर्यंतची चाकं घेतात. आपल्याकडच्या साध्या, दूधवाल्यांकडे दिसणाऱ्या काळ्या सायकलच्या मागच्या अ‍ॅक्सलला नटबोल्ट असतात, ती तशीच्या तशी स्टँडमध्ये बसत नाही. डायरेक्ट ड्राइव्हसाठी गिअरची सायकलच लागते, आणि मागे किती चक्रं आहेत, आठ, नऊ, दहा की अकरा, ते ट्रेनरवरच्या चक्रांशी जुळायला हवं. डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलींना मागे जाड, आरपार जाणारा अ‍ॅक्सल असतो. त्याचं अडॅप्टर खोक्यात मिळतं की वेगळं घ्यावं लागतं, ते विचारा. हे सगळं डोक्यावरून जात असेल तर सायकलच्या मागच्या चाकाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि दुकानात दाखवा. जाणकार माणूस अर्ध्या मिनिटात सांगतो.

सायकल नसेल तर

आख्ख्या व्यायामाच्या सायकलीत तीन मुख्य प्रकार आहेत.

स्पिन बाइक पुढे झुकून चालवायची असते, रेसिंग सायकलसारखी. पुढे जड चाक असतं, त्यामुळे पेडल गुळगुळीत फिरतं. तरुणांना घाम गाळायचा असेल तर ही उत्तम. पण एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. बहुतेक स्पिन बाइकमध्ये पाय थांबवला तरी पेडल थांबत नाही, जड चाकाबरोबर ते फिरतच राहतं. एकदम पाय काढला तर पेडल नडगीवर बसतं. थांबताना आधी वेग कमी करायचा, मग ब्रेकचा दट्ट्या दाबायचा. घरात रांगणारं किंवा दुडदुडणारं मूल असेल तर चाक आणि चेन पूर्ण झाकलेलंच मॉडेल घ्या, आणि वापर झाला की जोर पूर्ण आवळून ठेवा, म्हणजे पेडल सहज फिरणार नाही. जोर देण्यासाठी काहींत चाकावर नमद्याचा तुकडा घासतो. तो झिजतो आणि कधी कधी जळका वासही येतो. चुंबकाचा असेल तर काहीच घासत नाही. थोडे जास्त पैसे पडले तरी चुंबकाचा घ्या.

अपराइट म्हणजे ताठ बसून चालवायची सायकल. जागा कमी लागते, मध्यमवयीन माणसाला सोयीची, घरातल्या दोघा-तिघांत वाटून वापरायची असेल तर हीच बरी. सीट किती इंच खाली-वर होते तेवढं बघून घ्या. आई पाच फूट आणि मुलगा सहा फूट, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत असतं.

रिकम्बंट म्हणजे खुर्चीसारखी पाठ टेकायची सायकल. पेडल पुढे असतात. सीट खाली असते आणि मध्ये दांडा नसतो, त्यामुळे खुर्चीत बसतो तसं बसता येतं. कंबर दुखणारे, तोल न सांभाळता येणारे, साठीपुढचे, यांच्यासाठी ही सर्वांत सुरक्षित. लांबीला मात्र साधारण पाच फूट जागा खाते.

फारच वय झालेल्यांसाठी खुर्चीसमोर ठेवायचं नुसतं पेडलचं छोटं यंत्रही मिळतं. फरशीवर ते सरकतं, म्हणून खाली रबरी चटई हवी आणि खुर्ची चाकांची नको. त्यात जोर फार नसतो, पण सांधे हलते राहतात.

कोणतीही घ्या, खोक्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचा. बसणाऱ्याच्या वजनापेक्षा ती निदान पंधरा-वीस किलोनं जास्त असावी. काठावरचं यंत्र डुगडुगतं, आणि डुगडुगणाऱ्या यंत्रावर माणूस दुसऱ्यांदा बसत नाही.

आवाज, वारा आणि घाम

काकूंनी शिकवलेला धडा असा, की आवाज दोन तऱ्हेचा असतो. एक कानाला ऐकू येणारा, तो आपल्या खोलीत राहतो. दुसरा फरशीतून खाली जाणारा हादरा. शांत म्हणून घेतलेल्या महागड्या ट्रेनरचाही हादरा खाली जातो. उपाय साधा आहे. जाड रबरी चटई, आणि यंत्र खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीजवळ, खांब किंवा तुळईच्या बाजूला. चाकाचा ट्रेनर असेल तर खाचांचं टायर बदलून गुळगुळीत टायर टाका. फक्त ट्रेनरसाठी बनवलेलं टायरही मिळतं, पण ते रस्त्यावर घसरतं, बाहेर जाताना आठवणीनं बदलायला हवं. आणि पहाटे पाच ही वेळ आपल्याला कितीही प्रिय असली तरी खालच्यांना एकदा विचारून घ्यावं.

वाऱ्याचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपलं शरीर खर्च केलेल्या ऊर्जेतला जेमतेम चौथा हिस्सा पेडलला देतं, बाकीची उष्णता होते. रस्त्यावर समोरचा वारा ती घेऊन जातो. घरात वारा नाही, म्हणून दहा मिनिटांत जीव घाबरल्यासारखा होतो आणि माणूस समजतो, आपल्याला हे झेपत नाही. झेपतं, फक्त समोरून वारा हवा. छताचा पंखा पुरत नाही. उभा पंखा छातीच्या उंचीवर, समोर ठेवा. बडोदा-इंदूरच्या उन्हाळ्यात तर पंख्याशिवाय आणि पाण्याच्या बाटलीशिवाय बसूच नका, वेळही पहाटेचीच धरा.

घाम खारट असतो. तो हँडलच्या नटबोल्टवर आणि चेनवर साचला की गंज धरतो. गोव्याच्या आणि आपल्या पावसाळी दमट हवेत तो लवकर धरतो. हँडलवर टॉवेल टाका आणि उठताना यंत्र कोरड्या फडक्यानं पुसा. एक मिनिटाचं काम आहे.

पैशांचं गणित

मी गेल्या वर्षी फिरले तेव्हा चाकाचा चुंबकी स्टँड आणि साधी अपराइट सायकल दहा हजारांच्या आगेमागे होती. बरी स्पिन बाइक किंवा रिकम्बंट पंधरा ते तीस हजारांत, आणि डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनर चाळीस हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत. किमती बदलत राहतात, हा फक्त अंदाज. त्यात चटई, पंखा आणि अ‍ॅपची वर्गणी मिळवा.

जुनं घ्यायला हरकत नाही. लोकांनी हौसेनं घेऊन चार महिन्यांत विकायला काढलेली यंत्रं भरपूर आहेत. पण फोटोवर घेऊ नका. जाऊन दहा मिनिटं चालवा. पेडल फिरताना खटखट येते का, जोर वाढवला की खरंच वाढतो का, हँडल हलतं का, ते बघा. नवीन घेताना एकच प्रश्न विचारा, बिघडलं तर दुरुस्तीला माणूस इथे येतो की यंत्र बंगळूरला पाठवायचं? चाळीस किलोचं धूड पाठवायला लागलं तर वॉरंटीचा कागद देवघरात ठेवण्यापुरताच उरतो.

घेतल्यावर

सीटची उंची बहुतेक घरांत चुकलेली असते. सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्यावर ताण येतो आणि दोष सायकलला लागतो. रिकम्बंटमध्ये हीच तपासणी सीट पुढे-मागे करून करायची.

पहिले दोन आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटंच. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागला म्हणजे मध्यम व्यायाम झाला. हृदयाचा त्रास, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावंच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून ग्लुकोजची पुडी हाताशी ठेवावी. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबावं.

आमच्याकडे गेल्या मे महिन्यात रिकम्बंट आली. बाबांना दुकानात नेलं, तीन यंत्रांवर बसवलं आणि त्यांनाच निवडू दिलं. ती बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ, टीव्हीसमोर ठेवली. आतल्या खोलीत ठेवली असती तर तिचा पलंगाखालचा स्टँड व्हायला वेळ लागला नसता. डॉक्टरांनी सांगितलं की जेवणानंतरची थोडीशी हालचालही साखरेला आवर घालते. म्हणून बाबा दोन्ही जेवणांनंतर, थोडं थांबून, पंधरा मिनिटं सावकाश पेडल मारतात. रात्रीच्या बातम्या आता ते तिच्यावर बसूनच बघतात. आईनं एकदा तिच्या हँडलवर ओला पंचा टाकला, तर बाबांनी तो उचलून दोरीवर नेला. तेव्हाच मला कळलं, हे यंत्र टिकणार.

माझा स्टँडही पलंगाखालून बाहेर आला. गुळगुळीत टायर घातलं, खाली चटई टाकली, काकूंना विचारून संध्याकाळी साडेसहाची वेळ ठरवली. त्या म्हणाल्या, "आता गिरणी नाही, शिवणाचं मशीन वाटतंय. चालव की!"

गणपतीनंतर रक्त तपासलं. आकडा खाली आला नव्हता, पण गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तो वरही गेला नव्हता. डॉक्टरांनी कागद बघितला आणि विचारलं, "यंदा पाऊस कमी होता का?"

बाबा म्हणाले, "पाऊस भरपूर होता की. सायकल होती घरात."